आनंदाचा ठेका कोणाकडे?

शहरी मध्यमवर्गात मुलांचा वाढदिवस आता ठेक्याने साजरा होऊ लागला आहे. सभागृह भाड्याचे, खेळ भाड्याचे आणि मुलांना हसविणारा माणूसही भाड्याचा! ज्यांना परवडते ते हा थाट मिरवितात. ज्यांना परवडत नाही ते उसनवारी करतात किंवा मुलासमोर ओशाळे होतात. खेदाची गोष्ट ही की, समतेच्या घोषणा देणाऱ्या कार्यकर्त्यांची घरेही या प्रवाहापासून अलिप्त राहिलेली नाहीत.

महागाई आणि बेकारीचे प्रश्न उभे असताना मुलांच्या खेळांची चर्चा कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु आनंद ही विकत घेण्याची वस्तू आहे, हा धडा लहानपणी गिरविलेले मूल मोठेपणी बाजाराला प्रश्न विचारील कसे? संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेने खेळ हा मुलाचा हक्क मानला आणि भारताने १९९२ मध्ये ती संहिता स्वीकारली. हक्कालाही तिकीट लावायचे काय?

याला पर्याय घरातच आहे. रिकाम्या डब्यांचा मनोरा रचावा आणि चिंध्यांच्या चेंडूने तो पाडावा. पाण्याने भरलेल्या बादलीच्या तळाशी वाटी ठेवून तीत वरून नाणे सोडावे. पाण्यात शिरताच ते तिरपे घसरते, तेथे कोणाची दांडगाई चालत नाही. सुतळीची कडी वळून ती बाटलीच्या गळ्यात फेकावी.

यात पैसा वाचतो, पण तो लाभ दुय्यम होय. जत्रेतील रिंगवाल्याची कडी ठोकळ्याहून जेमतेम मोठी असते. त्या ‘जेमतेम’मध्येच त्याचा नफा दडलेला असतो. स्वतः कडी वळणाऱ्या मुलाला हे गुपित आपोआप उमगते. रेघ कोठे आखायची, लहानग्यांना किती जवळून नेम धरू द्यायचा, हे मुले भांडून, पटवून ठरवितात. पाळीपाळीने प्रत्येकजण खेळ मांडतो आणि खेळतोही. नियम मालकाने करावेत व इतरांनी मुकाट पाळावेत, ही रीत तेथे मोडते.

ही गरिबीची तडजोड नव्हे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा माँटेसोरी पद्धतीच्या महागड्या साधनांवर विसंबून न राहता शिंपले, बिया, खडे यांनाच साधन केले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी व अनुताई वाघ यांनी हेच काम आदिवासी मुलांत रुजविले.

म्हणून शाखांनी बालमेळाव्यासाठी ठेकेदार शोधू नयेत. वस्तीतील मुलांना आठ दिवस आधी बोलवावे. डबे, पुठ्ठे व सुतळी त्यांच्या हाती सोपवावी आणि बक्षिसांची लालूच टाळावी. मुलांना मेळाव्याचे केवळ प्रेक्षक करणारा पक्ष उद्या नागरिकांनाही सभेचे केवळ श्रोतेच करील!