शेरूचे इन्सुलिन

गेल्या महिन्यात आमच्या शेरूला मधुमेह असल्याचे निदान झाले. शेरू म्हणजे नऊ वर्षांचा बोका. सारखा पाणी प्यायचा, सारखी लघवी करायचा आणि भरपूर खाऊनही वाळत चालला होता. मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून चालू लागला, तेव्हा कुठे आम्ही त्याला डॉक्टरांकडे नेले. मांजर घाबरले तरी त्याच्या रक्तातली साखर वाढते, म्हणून त्यांनी लघवी तपासली, फ्रुक्टोसामाइनची चाचणीही केली. शंका उरली नाही. दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने इन्सुलिन द्यायचे.

बातमी कळताच नातेवाइकांचे सल्ले आले. एक म्हणाले, "मच्छी मार्केटात सोडून द्या, रोजी देणारा अल्लाह आहे." दुसरे म्हणाले, "तेवढा पैसा एखाद्या गरीब आजाऱ्याला द्या." पहिल्या सल्ल्याचा राग आला. दुसरा टोचला, कारण त्यात तथ्य आहे. पण गरिबाचा हक्क जकात आणि सदक्यातून द्यायचा असतो. वलीम्यात पातेलेभर बिर्याणी वाया जाते तेव्हा आपल्याला गरीब आठवत नाही. तो नेमका मांजराच्या औषधाच्या वेळी आठवतो.

मांजर कोंडून ठेवणाऱ्या बाईची हदीस आपल्या घरांत सगळ्यांना ठाऊक असते. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती आहे. तिने मांजराला खायला दिले नाही आणि स्वतःचे पोट भरायला मोकळेही सोडले नाही. ते मेले आणि ती शिक्षेस पात्र ठरली. लहानपणी मी यातून 'मांजराला उपाशी ठेवू नये' एवढेच शिकलो. आता कोंडण्याचा मुद्दा कळतो. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये शेरूला आम्हीच ठेवले. नसबंदी आम्हीच केली. मांजर मूळचे मांसाहारी, तरी दिवसभर कोरड्या दाण्यांची वाटी भरून ठेवली. तो गुटगुटीत झाला म्हणून कौतुकही केले. नसबंदी झालेल्या, लठ्ठ, घरात बसून राहणाऱ्या बोक्यांना हा आजार अधिक होतो, हे नंतर कळले. जे आपण कोंडले, त्याच्या आजारपणातून आपल्याला अंग काढून घेता येत नाही.

मला सुईची भीती. इंजेक्शन द्यायला अम्मीने शिकवले. ती स्वतः बारा वर्षे इन्सुलिन घेते. दोघांच्या बाटल्या एकाच फ्रिजमध्ये, आणि धोका तिथेच होता. अम्मीचे इन्सुलिन चाळीस युनिटचे, शेरूचे शंभरचे. अम्मीची लाल टोपणाची सिरिंज शेरूसाठी वापरली असती, तर त्याला अडीच पट डोस गेला असता. साखर एकदम उतरली की मांजर लटपटते, आकडी येऊन मरूही शकते. म्हणून आता डबे वेगळे आहेत आणि मध हाताशी असतो. तशी वेळ आलीच, तर मध हिरड्यांना चोळून थेट दवाखाना गाठायचा. आधी खाणे, मग सुई. खाल्ले नाही तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुई नाही. रमजानमध्येही सकाळी सात, संध्याकाळी सात हीच वेळ राहील. रोजा आमचा आहे, त्याचा नाही.

या सगळ्यात एक गोष्ट उघडी पडली. शेरूच्या डोसची वही मी भिंतीला टांगली, तेव्हा अम्मी हसत म्हणाली, "माझी पण एक टांग." ती लग्नाकार्यात, पाहुणे आले की सर्रास डोस चुकवायची आणि घरात कोणी विचारत नव्हते. मांजरावर खर्च करण्याऐवजी माणसाकडे बघा, असे सांगणाऱ्यांना माझे एवढेच उत्तर आहे: माणसाकडे बघायला आम्हाला मांजरानेच लावले. आता भिंतीवर दोन वह्या आहेत.

लवकर उपचार सुरू झाले आणि पिष्टमय खाणे कमी केले, तर काही मांजरांचे इन्सुलिन सुटतेही. शेरूचे सुटेल की नाही, ते अल्लाहला ठाऊक. सकाळी सातची वेळ पाळणे मात्र माझ्या हातात आहे.