गनिमी काव्याचं बिल कोणी भरलं?

भारतातून पाहुणे आले की मी त्यांना किंग्स माउंटनला नेतो. आमच्या साऊथ कॅरोलिनातली ही गाजलेली रणभूमी. पहिला फलक वाचून होतो न होतो तोच कोणीतरी म्हणतंच, "अरे, हा तर आपला गनिमी कावा!" पूर्वी मीही मान डोलवायचो. हल्ली राग येतो.

१२ मे १७८० ला चार्ल्सटन पडलं, ऑगस्टमध्ये कॅम्डेनला उरलंसुरलं सैन्यही उधळलं गेलं. मग इथला लढा खेड्यांनी चालवला. फ्रान्सिस मॅरियन दलदलीत लपून छापे घालायचा, कॉर्नवॉलिसची रसद तोडायचा, हे अगदी खरं. पण त्याला दाणागोटा, घोडे, बातम्या कोण पुरवत होतं? पी डी नदीकाठचे शेतकरी! इंग्रजांनी ते बरोबर ओळखलं. त्याच वर्षी मेजर वीम्सने किंग्जट्रीपासून चेरॉपर्यंत घरं जाळली, गिरण्या आणि माग मोडले, मेंढ्या मारल्या. मॅरियन निसटला. शेत सोडून शेतकरी कुठे निसटणार?

आणि शत्रू तरी कोण? ७ ऑक्टोबर १७८० ला किंग्स माउंटनवर दोन्ही बाजूंनी लढणारे जवळजवळ सगळे अमेरिकेतलेच. इंग्रजांचा सेनानी फर्ग्युसन तेवढा स्कॉटलंडचा. आठवड्याभराने विजेत्यांनी नऊ कैद्यांना फासावर चढवलं. एकाच मुलखातली माणसं ही!

याहून काळी गोष्ट पुढे आहे. १७८१ मध्ये थॉमस समटरकडे शिपायांना द्यायला पैसा नव्हता. त्याने पगार ठरवला गुलामांत. दहा महिन्यांच्या चाकरीला एक धडधाकट गुलाम, तोही राजनिष्ठांच्या मळ्यांवरून लुटून आणलेला. स्वातंत्र्याच्या लढाईत माणसं हीच नाणी! मॅरियनने ही पद्धत नाकारली, म्हणजे त्या काळीही हे गैर आहे हे कळत होतं. तरी समटरच्या नावाने आज शहर आहे, किल्ला आहे.

मंडळी, तुलनाच करायची तर पुरी करा. चिपळूणच्या छावणीतल्या लष्कराने रयतेचं धान्य, गवत, भाजीपाला ओरबाडू नये म्हणून शिवाजी महाराजांनी खरमरीत पत्र लिहिलं होतं. छापे घालणं कोणालाही जमतं. ज्याच्या दाण्यावर लढायचं त्याचं घर सांभाळणं, ही खरी कसोटी.

पुढच्या वेळी या डोंगरावर आलात की छाती फुगवण्याआधी एवढंच विचारा: त्या वर्षी खालच्या गावांत चुली पेटल्या का?