पायाची नाडीही पाहावी

वाकड-हिंजवडी परिसरात गेल्या दोन दशकांत उंच गृहसंकुले उभी राहिली आणि त्यांच्यासोबत व्यायामशाळाही आल्या. सकाळी ट्रेडमिलवर धावणारा संगणक अभियंता आणि रात्रपाळी संपवून चाकणहून परतणारा कामगार हे दोघेही आपल्याकडे एकच तक्रार घेऊन येतात. चालताना वा धावताना पायाला मुंग्या येतात, तळवा बधिर होतो. यावर आपले उत्तरही ठरलेले असते : वात वाढला आहे, गुग्गुळ घ्या, तेल चोळा, शेक द्या. हे उत्तर अनेकदा अपुरे आणि क्वचित घातक ठरते, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा प्रमाद माझ्याही हातून घडला आहे. पन्नाशीचा एक कामगार आला. दोनशे पावले चालला की त्याची पोटरी भरून येई, पाऊल बधिर होई आणि नुसते उभे राहिले तरी दोन-तीन मिनिटांत बरे वाटे. मी गृध्रसी समजून सहा आठवडे चिकित्सा केली. नाडी पाहिली, ती मनगटाची. बिडीचे व्यसन विचारलेच नाही. अखेर पावलावर बोटे ठेवली, तेव्हा नाडी लागली नाही. रक्तवाहिनीतज्ज्ञांकडे पाठविल्यावर धमनीतील अवरोध स्पष्ट झाला. पाय वाचला, परंतु ते सहा आठवडे मी वाया घालवले होते.

सुप्ती हे लक्षण आहे, व्याधी नव्हे. चरकाचार्यांनी ते प्रमेहाच्या पूर्वरूपांत सांगितले आणि वातरक्ताच्या पूर्वरूपांतही. तेव्हा निदानभेद करणे हे आपल्या शास्त्राशीच सुसंगत आहे.

प्रथम पादत्राण काढावे. घट्ट नाडीचा वा अरुंद बूट, कारखान्यातील कडक सुरक्षा-बूट एवढेच कारण कित्येकदा पुरते. बूट बदलताच बधिरता जाते. ठरावीक अंतर धावल्यावर नडगी ताठरते, पाऊल बधिर होते आणि विश्रांतीने उतरते, तेथे स्नायूंच्या कप्प्यातील दाब वाढत असावा. चालताना दोन्ही पाय बधिर होऊन पुढे वाकल्यावर वा बसल्यावर आराम पडत असेल, तर कमरेच्या मणक्यातील मज्जामार्ग अरुंद झाल्याची शंका घ्यावी. धमनीविकारात मात्र थांबणे पुरते, बसावे लागत नाही. बधिरता विश्रांतीतही टिकत असेल, तर रक्तशर्करा व बी-१२ जीवनसत्त्व तपासावे. कटाक्षाने शाकाहारी असणाऱ्या आणि मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्या रुग्णांत बी-१२ची कमतरता विशेष आढळते. त्वचेवर बधिर चट्टा असल्यास कुष्ठरोगाचा विचार सोडू नये.

पायाची नाडी दोन ठिकाणी पाहावी : पावलाच्या पाठीवर आणि आतल्या घोट्यामागे. पहिली काही निरोगी व्यक्तींतही लागत नाही, म्हणून दुसरी पाहणे आवश्यक. या परीक्षणास मिनिटभरही लागत नाही.

औषधविक्रेते बंधूंना विनंती की, महायोगराज गुग्गुळात धातूंची भस्मे असतात. वैद्याच्या सल्ल्यावाचून तो महिनोन्‌महिने देऊ नये. मधुमेही रुग्णास शेकण्याचा सल्ला तर मुळीच देऊ नये. बधिर तळव्याला चटका समजत नाही आणि भाजलेली जखम लवकर भरत नाही. पाय एकाएकी थंड व पांढरा पडणे, पायातील बळ जाणे, गुदभागी बधिरता येणे वा मूत्रावरील ताबा सुटणे, यांपैकी काहीही आढळल्यास रुग्णास त्याच क्षणी रुग्णालयात पाठवावे.

कारण निश्चित झाल्यावर आपल्या चिकित्सेला भरपूर वाव आहे. वाग्भटांनी सांगितलेला अर्धशक्ती व्यायाम आजच्या ट्रेडमिललाही लागू पडतो. दिवसभर खुर्चीत बसून सायंकाळी एकदम सुसाट धावणाऱ्यास हा एक उपदेशही पुष्कळ उपयोगी पडतो.

नाडीपरीक्षा हा आपल्या वैद्यकाचा अभिमान. शार्ङ्गधरांनी ती हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी पाहण्यास सांगितली. तक्रार पायाची असेल, तेव्हा वैद्याने थोडे वाकून पायाचीही पाहावी. त्यात कमीपणा नाही.