फुकट तासांची मजुरी

या सदराच्या जुन्या वाचकांना माझी खोड ठाऊक आहे. वर्तमानपत्र हातात आलं की मी आधी निधनवार्तांचं पान उघडतो. बंद पडलेल्या सेवांवरचे लेखही त्याच ओढीनं वाचतो. २०१३मध्ये तार बंद झाली तेव्हा मी इथेच तक्रार केली होती, की तारेवर इतके लेख आले, पण रात्रपाळीला यंत्रापुढे बसलेल्या माणसांसाठी कुणी चार ओळी खर्ची घातल्या नाहीत. या आठवड्यात तोच संताप पुन्हा झाला. न्यू जर्सीतल्या भाच्यानं अमेरिका ऑनलाइनच्या, म्हणजे एओएलच्या, डायल-अप इंटरनेट सेवेवरचा एक लांबलचक स्मरणलेख पाठवला. मॉडेमच्या किंचाळण्यावर परिच्छेदच्या परिच्छेद, फुकट सीड्यांवर त्याहून जास्त. ज्यांनी ती सेवा चालवली त्या हजारो माणसांबद्दल मात्र अवाक्षर नाही.

आधी हकीकत उरकतो. ही सेवा ३० सप्टेंबर २०२५ला बंद झाली. १९९३च्या सुमारास कंपनीच्या विपणनप्रमुख जान ब्रँट यांनी फुकट तासांच्या फ्लॉपी आणि पुढे सीड्या घरोघरी पाठवायला सुरुवात केली. त्या टपालातून यायच्या, मासिकांना चिकटून यायच्या. एका काळात जगात तयार होणाऱ्या निम्म्या सीड्यांवर एओएलचं नाव असे, असं ब्रँट यांनीच सांगितलं आहे. सीडी घालायची, क्रेडिट कार्डाचा क्रमांक द्यायचा आणि फुकटची मुदत संपली की बिल सुरू. गिऱ्हाइकं कोट्यवधी झाली.

पण फुकट प्रवेशाचा आणखी एक दरवाजा होता, आणि मला लिहायचं आहे ते त्याबद्दल. एओएलच्या चॅटरूम आणि चर्चाफलक सांभाळायला स्वयंसेवक असत. कम्युनिटी लीडर म्हणत त्यांना. नवख्याला वाट दाखवायची, शिवीगाळ करणाऱ्याला आवरायचं, मुलांच्या खोलीत भलतं कुणी शिरलं तर वर कळवायचं, फलकावरचा कचरा काढायचा. आठवड्याला किमान चार तास हे करायचं आणि बदल्यात एओएलचं खातं फुकट वापरायचं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस असे लोक दहा हजारांहून जास्त होते.

तासाला तेव्हा काय मोल होतं, हे आपल्याकडच्या पन्नाशीच्या माणसाला वेगळं सांगायला नको. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमनं मुंबईत इंटरनेट खुलं केलं, तेव्हा चित्रं दिसणाऱ्या खात्याला पंधरा हजार रुपये पडत, आणि तास मोजूनच मिळत. एक खातं चौघांत वापरणारे, पत्र आधी कागदावर लिहून मग जोडणी लावणारे आम्ही सगळे. अमेरिकेतही तेव्हा वेगळं नव्हतं. एओएलचे महिन्याला ९.९५ डॉलर, त्यात पाच तास. पुढच्या प्रत्येक तासाला २.९५ डॉलर. रोज रात्री गप्पा मारणाऱ्याचं बिल भाड्याच्या जवळ जाई. अशा वेळी ‘तुला हवं तितकं बस, फक्त आमची खोली सांभाळ’ हा सौदा वाईट नव्हता. कित्येकांनी तो मनापासून केला. नवख्यांना हात धरून शिकवणारी ही माणसं होती, आणि पहिल्यांदा जोडणी लावून बावरलेल्या लाखोंना तिथे आपलं माणूस भेटलं ते यांच्यामुळे.

मग डिसेंबर १९९६ला एओएलनं तासाचं गणितच काढून टाकलं. १९.९५ डॉलर भरा आणि महिनाभर हवं तितकं वापरा. गिऱ्हाइकांची झुंबड उडाली, फोन लागेना, राज्याराज्यांचे ॲटर्नी जनरल धावून आले, कंपनीला पैसे परत द्यावे लागले. ते सगळं स्मरणलेखात आहे. नाही ते एवढंच, की त्या दिवशी स्वयंसेवकांच्या मोबदल्याची किंमतही जास्तीत जास्त वीस डॉलरवर आली. महिन्याला सतरा तास काम धरा. तासाला डॉलरच्या थोडं वर पडतं. १९९९मध्ये अमेरिकेतली किमान मजुरी तासाला ५.१५ डॉलर होती.

‘त्यांच्यावर सक्ती कुणी केली होती?’ असं भाच्यानं विचारलं. सक्ती नव्हती, हे खरं. पण या लोकांना प्रशिक्षण घ्यावं लागे, पाळ्या लावून दिलेल्या असत, पाळी संपली की अहवाल द्यावा लागे, कामाचे तास नोंदवावे लागत. स्नेही म्हणून मदतीला आलेल्याकडून कुणी हजेरीपत्रक भरून घेत नाही. हजेरी घेतलीत की पगारही द्या, इतकं साधं आहे हे. आणि याच काळात कंपनीचा शेअर आकाशाला भिडला होता. जानेवारी २०००मध्ये तिनं टाइम वॉर्नरसारखं अवाढव्य घराणं विकत घेत असल्याची घोषणा केली.

१९९९मध्ये दोन माजी स्वयंसेवक न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात गेले. आम्ही कामगार होतो, किमान मजुरी द्या, एवढीच मागणी. अमेरिकेच्या कामगार खात्यानं चौकशी केली आणि काही न करता ती मिटवली. २००५मध्ये स्वयंसेवकांची योजनाच बंद झाली. खटला मात्र चालत राहिला आणि २०१०मध्ये दीड कोटी डॉलरवर तडजोड झाली. अकरा वर्षं! तोवर डायल-अप वापरणारे बहुतेक जण कधीच निघून गेले होते.

या सदराला अमेरिकेतून पत्रं येतात, ती बहुतेक त्याच काळात तिकडे गेलेल्यांची. तुमच्यापैकी कुणी, किंवा तुमच्या ओळखीचं कुणी, एओएलची खोली सांभाळत होतं का? असेल तर मला लिहा. पाळी कशी ठरायची, अहवालात काय भरावं लागे, रात्री दोन वाजता त्या खोलीत कोण कोण यायचं, हे सगळं मला विचारायचं आहे. पत्र लांबलं तरी चालेल.