बाळ कमी फिरतंय, असं ती सांगते तेव्हा

"सिस्टर, कालपासून बाळ कमी फिरतंय." नववा लागलेली बाई हे सांगते ती बहुधा दारातूनच, पिशवी हातात धरून, आत यावं की नाही अशा संकोचात. आणि आपण सांगतो, "गोड खा, डाव्या कुशीवर पड. दिवस भरत आले की जागा कमी पडते, बाळ फिरत नाही."

हे शेवटचं वाक्य मीही वर्षानुवर्षं ऐकवलं आहे. ते चुकीचं आहे. साधारण ३२ आठवड्यांनंतर हालचालींची संख्या स्थिरावते. लाथांऐवजी वळणं, ढकलणं, सरकणं अधिक जाणवतं, पण हालचाल कळा सुरू होईपर्यंत टिकते. बाळाची झोपही बहुधा २० ते ४० मिनिटांची असते, ९० मिनिटांपलीकडे ती क्वचितच जाते.

वारेतून प्राणवायू कमी मिळू लागला की बाळ हातपाय हलवणं आवरतं आणि तो मेंदू व हृदयासाठी राखतं. म्हणूनच डॉपलरवर १४० ठोके ऐकवून बाईला घरी पाठवणं मला धोक्याचं वाटतं. त्या ठोक्यांवरून बाळ या घडीला जिवंत आहे, एवढंच कळतं. २८ आठवड्यांपुढे रक्तदाब, गर्भाशयाची उंची आणि एनएसटी हवीच; जोखीम असेल किंवा तक्रार टिकली तर सोनोग्राफीही. उपकेंद्रात सोय नसेल तर १०२ ला फोन करून तिला त्याच दिवशी पुढे पाठवा.

मग मोजणीचं काय? तिन्ही जेवणांनंतर एकेक तास मोजा, बेरजेला चारने गुणा, बारा तासांत दहा हव्यात, हे आपण पाठ केलेलं असतं. पण १९८९ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या, ६८ हजार गरोदर स्त्रियांच्या अभ्यासात सरसकट मोजणीने मृतजन्म घटले नाहीत. ब्रिटन-आयर्लंडमधल्या २०१८ च्या 'अफर्म' चाचणीत चार लाखांवर गर्भारपणं होती. तिथेही जागृती आणि ठरावीक उपचारक्रमाने मृतजन्मांत ठोस घट दिसली नाही. कृत्रिम कळा आणि सिझेरियन मात्र वाढली. तेव्हा तक्रार आली की लगेच प्रसूती, हेही उत्तर नव्हे. तपासणी नीट करायची आणि निर्णय तिच्यावरून घ्यायचा. दहाचा आकडा भरला, तरी "नेहमीसारखं नाही" असं ती म्हणत असेल तर तिला तपासा. दुसऱ्यांदा आली तर अधिक काळजीने तपासा. घाबरट म्हणू नका.

या महिन्यापासून २८ आठवड्यांपुढच्या प्रत्येकीला प्रत्येक भेटीत विचारा, "बाळ रोजच्यासारखं फिरतंय ना?" आणि तिचं उत्तर, तारीख-वेळ घालून, केसपेपरवर लिहा.