आम्हांला कुठे काय झाले?

जुन्या मोटारींच्या आठवणी सांगणाऱ्या वडीलधाऱ्या मंडळींशी माझे भांडण आहे. आठवणींबद्दल माझी तक्रार नाही. त्यांच्या शेवटी हटकून येणाऱ्या एका वाक्याबद्दल आहे. सगळे ऐकून घ्या आणि मग मला उद्धट म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा.

दिवाळीत चार घरची माणसे जमली, चिवड्याच्या बशा रिकाम्या होऊन दुसरा चहा आला, की सत्तरी ओलांडलेल्या मंडळींत मोटारींचा विषय निघतो. एकजण आपल्या फियाटचे नाव काढतो. लगेच दुसऱ्याची अँबॅसडर अंगणात येऊन उभी राहते, तिसऱ्याला आपली स्टँडर्ड हेरल्ड आठवते. चोक किती ओढायचा, हिवाळ्यात हँडल कसे मारायचे, पेट्रोलचा पंप तापला की त्यावर ओला फडका कसा ठेवायचा, याची वर्णने सुरू होतात. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर असल्यामुळे पुढच्या अखंड बाकावर तिघे कसे मावत आणि चौथे पोर आईच्या मांडीवर कसे बसे, तेही निघते. चाळीस वर्षांपूर्वी विकलेल्या गाडीचा नंबर बिनचूक पाठ असतो. लग्नाची तारीख मात्र आत स्वयंपाकघरात विचारावी लागते. हे सारे ऐकायला गोड वाटते; मलाही वाटते. मग निघायची वेळ होते. नातू गाडीत बसून पट्टा ओढू लागतो, सून लहानग्याला त्याच्या निराळ्या खुर्चीत बांधू लागते, आणि ते वाक्य येते: “आमच्या वेळी नव्हते हे पट्टे-बिट्टे. आम्हांला कुठे काय झाले?”

माझे भांडण आहे ते या वाक्याशी.

कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला एक गोष्ट लवकर कळते. ‘मी’ म्हणून हकीकत सांगणारा हकीकतीच्या शेवटी जिवंत असतो. “आम्हांला कुठे काय झाले?” असे विचारणारे सगळे त्या प्रवासांतून धडपणे घरी परतलेले आहेत. ज्यांना काही झाले, ते दिवाळीच्या चहाला बसलेले नाहीत. प्रत्येक मोठ्या गोतावळ्यात असा एखादा काका, एखादी आत्या किंवा एखादे पोर असते, ज्याचा फोटो भिंतीवर आहे आणि ज्याचा विषय सणासुदीला कोणी काढत नाही. त्याची आठवण वगळून इतरांची बेरीज करायची आणि उत्तर ‘काही झाले नाही’ असे काढायचे, हे गणित माझ्या वर्गातल्या मुलाने केले असते तर मी त्याला पुन्हा फळ्यापाशी बोलावले असते.

आता त्या गोड आठवणींतलीच एक जरा निरखून पाहू. मुंबई-पुणे जुन्या रस्त्याने बोरघाट चढताना गाडीचे पाणी उकळे. गाडी कडेला घ्यायची, बॉनेट उघडायचे, शिंग्रोबाच्या देवळाच्या दिशेने हात जोडायचे. हातब्रेकवर कोणाचाच भरवसा नसे, म्हणून घरातल्या चुणचुणीत पोराला खाली उतरवून चाकामागे धोंडा लावायला सांगत. ही हकीकत मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे आणि प्रत्येक वेळी सारे हसतात. त्यातला विनोद क्षणभर बाजूला ठेवा. चढावर मागे घसरू पाहणारी टनभर वजनाची गाडी, तिच्या मागे वाकलेले सहा-सात वर्षांचे पोर आणि त्याच्या हातातला धोंडा, एवढेच चित्र उरते. आज आपल्या नातवाला तिथे उभे करायला कोणते आजोबा तयार होतील?

किंवा ती ‘डुक्कर फियाट’ घ्या. नाव मोठे लाडाचे. पण तिच्या पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागल्या बाजूस असत. चालत्या गाडीत कडी सुटली, तर समोरचा वारा दार मिटवत नसे, उलट ते सताड उघडी. त्या दाराला टेकून कोण बसलेले असे, हे आठवणी सांगणाऱ्यांनीच आठवावे.

या मंडळींचा हुकमी एक्का असतो गाडीचा पत्रा. “तो पत्रा पाहिलात का? रणगाडा होता रणगाडा! नाहीतर हल्लीच्या गाड्या, बोट लावले तर पोचा पडतो.” पत्रा जाड होता, हे कबूल. पण टकरीचा जोर कोणाला तरी सोसावा लागतोच. गाडीचे तोंड चेपले, तर तो जोर पत्रा चेपण्यात खर्ची पडतो. तोंड चेपलेच नाही, तर तो थेट आतल्या माणसाच्या छातीपर्यंत येतो, आणि तिथे त्याची वाट पाहत असतो तो न वाकणारा स्टिअरिंगचा दांडा. म्हणून गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चेपेल असा करायचा आणि माणसे बसतात तो भाग मजबूत ठेवायचा, ही युक्ती जर्मनीत बेला बारेनी या इंजिनिअराने १९५०च्या दशकातच मांडली होती. रणगाडा शाबूत राहिला आणि आतला माणूस गेला, यात रणगाड्याचे कसले कौतुक?

मग आपल्याकडे हे का आले नाही? याचे उत्तर त्या आठवणींत कधीच येत नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, याचा मराठी माणसाने अभिमान जरूर बाळगावा. पण पुढे परवान्यांच्या राज्यात स्पर्धेचे दार बंद झाले. कुर्ल्याला १९६४च्या सुमारास बनू लागलेली इटालियन वळणाची फियाट मागाहून चितोडच्या राणीचे नाव लावून ‘पद्मिनी’ झाली, पण शतक संपेपर्यंत तिचा घाट तोच राहिला. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घडविलेली अँबॅसडर बंगालमधील उत्तरपाड्याच्या कारखान्यातून थेट २०१४च्या मे महिन्यापर्यंत निघत होती. अँबॅसडर रस्त्यावर येऊन जेमतेम वर्ष-दोन वर्षे झाली होती, तेव्हा १९५९ साली स्वीडनमध्ये व्होल्वो कंपनीच्या निल्स बोलिन यांनी खांदा आणि कंबर दोन्ही धरणारा, तीन ठिकाणी बांधलेला पट्टा तयार केला. कंपनीने तो इतर कारखानदारांनाही वापरू दिला. आपल्या देशात नव्या गाड्यांच्या पुढच्या आसनांना पट्टा सक्तीचा झाला तो १९९४ साली. मागच्या आसनांसाठी २००२ साल उजाडावे लागले.

म्हणजे पुढे बसणारासाठी पस्तीस वर्षे आणि मागे बसणारासाठी त्रेचाळीस! एवढा काळ ती वस्तू जगात होती आणि आपल्याला मिळत नव्हती. पैसे भरून गाडीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहायची आणि मिळेल ती मुकाट्याने घ्यायची, असा तो काळ होता. वासरात लंगडी गाय शहाणी, तशी आपली फियाट शहाणी ठरली. जे मिळाले नाही त्याबद्दल चीड यावी, ते राहिले बाजूला. न मिळण्यालाच आपण मर्दुमकी म्हणू लागलो.

“तेव्हा रस्ते मोकळे होते, वेग कमी होते,” असे कोणी म्हणेल. त्यातही तथ्य आहे. पण मग ती शाबासकी मोकळ्या रस्त्याला द्या. आजच्या रस्त्यावर ती चालत नाही. तेच आजोबा आता नागपूरहून समृद्धी महामार्गाने येतात. तो २०२५ साली मुंबईच्या वेशीपर्यंत पूर्ण झाला, आणि मोटारींना तिथे ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे. टकरीचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी पन्नासच्या मानाने तो तिथे पावणेसहा पट होतो. आणि ताशी पन्नाससुद्धा लहान नव्हे. त्या वेगाची गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर मांडीवरच्या दहा किलोच्या बाळाची ओढ सुमारे १४० किलोंच्या ओझ्याएवढी होते. शाळेतल्या पदार्थविज्ञानाने सुटणारे हे उदाहरण आहे. माझी मजल त्यापुढे नाही आणि इथे तशी गरजही नाही. कोणत्याही आईच्या हातांत ते ओझे धरण्याचे बळ नाही, तिची माया कितीही मोठी असो. “मी घट्ट धरते ना!” असे म्हणणाऱ्या आजीने हा आकडा एकदा मनाशी घोळवावा.

आकडे काढलेच आहेत, तर सरकारचेही पाहा. केंद्रीय वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली १६,७१५ माणसे पट्टा न लावलेली होती, आणि त्यांतही ८,३३१ जण नुसते प्रवासी होते. चाक त्यांच्या हाती नव्हते. पट्टा तेवढा हाताशी होता. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला. पुढे बसलेली दोघे जखमी झाली पण वाचली. मागे बसलेले दोघे गेले. मागच्यांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. गाडी भारी किमतीची होती आणि मागच्या आसनांवर पट्टे होते. ‘मागे बसणाराला काय करायचाय पट्टा’ ही समजूत श्रीमंत-गरीब पाहत नाही.

आता प्रतिपक्षाचे जे खरे आहे, ते मी हात आखडता न घेता देतो. जुनी गाडी घरचा माणूस पान्हे घेऊन दुरुस्त करू शकत असे, आणि कुठल्याही खेड्यातला मिस्त्री तिला पुन्हा चालती करी. ती बंद पडली की रस्त्यावरचे चार अनोळखी लोक न बोलावता धक्का द्यायला येत. हे सुख होते आणि ते गेले, याचे दुःख खरे आहे. ३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी उरली नाही, तेव्हा कित्येकांना घरातले कोणी गेल्यासारखे वाटले. त्यांना हसण्याचा माझा विचार नाही. नव्या गाड्या म्हणजे देवाचे लेणे आहे, असेही मी म्हणत नाही. २०१४ साली ग्लोबल एनसीएपी या संस्थेने आपल्याकडच्या पाच खपाऊ छोट्या गाड्या आपटून पाहिल्या, तेव्हा पाचहींच्या पदरी भोपळा पडला होता. नव्यालाही तपासून घ्यावेच लागते.

“म्हाताऱ्यांची गंमत आहे, बोलू द्या की!” हा शेवटचा बचाव. मला तो मान्य नाही, आणि त्याचे कारण म्हाताऱ्यांच्या मानाचेच आहे. आपल्या घरांत आजोबांचा शब्द अजून चालतो. चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याने वा त्याच्या खुर्चीत बांधले पाहिजे, नाहीतर हजार रुपये दंड, असे २०१९चा कायदा म्हणतो. पण कायद्याचा शिपाई नाक्यावर उभा असतो आणि आजोबा गाडीतच असतात. त्यांनी एकदा हसून “सोड रे, काही होत नाही” म्हटले, की कायदा, सून आणि कारखानदार तिघेही हरतात. सुनेला वडिलांसमोर वाद घालता येत नाही. ती निमूटपणे पट्टा सोडते. ज्याच्या शब्दाला एवढे वजन आहे, त्याने तो गमतीत वापरू नये.

म्हणून मंडळी, गाड्यांच्या गोष्टी जरूर सांगा, पण पुऱ्या सांगा. घाटात पाणी उकळले ते सांगा, आणि घाटाखाली पडलेली गाडी पाहून तुमच्या वडिलांनी कशी मान फिरवली होती, तेही सांगा. भिंतीवरच्या फोटोतल्या काकाचे नाव घ्या. आपण शहाणे होतो म्हणून वाचलो असे न सांगता, नशिबाने वाचलो असे सांगा. आणि भाऊबीजेला लेकीकडे निघताना मागच्या बाकावर बसाल, तेव्हा गाडी सुरू होण्याआधी स्वतःचा पट्टा लावा. शेजारी बसलेले पोर तुमच्या हाताकडे पाहत असते.