पाहुणे निघाले, त्यांना निजू द्या



माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेची माणसे पहाटेच दरेकसा स्टेशनावर उतरतात. अंगावर घोंगडी, कडेवर पोर, तोंडातून वाफ. आमच्या गोंदिया जिल्ह्यातली थंडी अशी चिवट! दुपारी ऊन चटका देऊ लागले तरी पहाटे शेकोटी लागतेच.

याच दिवसांत आपल्या तलाव-बोड्यांवर आणखी एका यात्रेची तयारी चाललेली असते. दिवाळीच्या सुमारास उत्तरेकडून आलेली रानबदके आता परत निघायची असतात. त्यांतली कित्येक पार सायबेरियापर्यंत जातात. वाट सरळ धरली तरी तीन हजार किलोमीटरच्या वर, आणि मध्ये हिमालय आडवा. ही बदके बहुधा रात्रीच उडतात. म्हणून जाताना कोणाला दिसत नाहीत. एका सकाळी पाळीवर जावे, तो तलाव रिकामा!

ती ओळखायची कशी? लांब मान आणि सुईसारखी शेपटी असेल तर तो तलवार बदक. चोच पळीसारखी पसरट असेल तर थापट्या. नराच्या डोळ्यावर पांढरी भुवई कोरलेली असेल तर ते भुवई बदक. मात्र सगळीच बदके पाहुणी नव्हेत. शीळ घालणारी तांबूस अडई आपली घरचीच.

हे सारे पाहायला नवेगावबांध उत्तम. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेला हा तलाव. त्यात मालडोंगरी नावाचे बेट आहे. वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांनी इथल्या पाखरांवर पुढे पुष्कळ लिहिले. पण जंगलाची पुष्कळशी विद्या ते नवेगावचे माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारख्या गावकऱ्यांकडून शिकले. म्हणजे पाखरांचे ज्ञान शहरातून यावे लागते असे नाही. ते आपल्या धुऱ्यावरही असते.

आता कामाची गोष्ट. दिवसा बदके पाण्याच्या मधोमध किंवा बेटाच्या आडोशाला निजलेली दिसतात. ती आळशी नव्हेत! रात्रभर चरून ती अंगावर चरबी चढवतात. तीच त्यांची वाटेची शिदोरी. पोरांनी दगड मारला, हौशी मंडळींनी डोंगा जवळ नेला, की सारा थवा उठतो आणि जमवलेली शिदोरी वायाच खर्च होते. दिवसातून चार-पाच वेळा असे झाले तर पाखरू अशक्त राहते आणि लांबच्या वाटेत कुठेतरी पडते. आपल्याला ते कळतही नाही.

तुम्ही म्हणाल, “हे सारे ठीक, पण उन्हाळी धानाच्या पऱ्ह्यात बदके शिरतात, त्याचे काय?” तक्रार खरी आहे. पऱ्हे तुडवले गेले तर पुन्हा बियाणे आणायचे कोठून? त्यासाठी रात्री राखण करा, डबा वाजवा, चमकत्या पट्ट्यांच्या दोऱ्या बांधा. पण विषारी दाणे टाकू नका. ते विष बदकापाशी थांबत नाही. मेलेले पाखरू कुत्रे खाते, घार खाते, आणि उरलेले विष त्याच पाण्यात उतरते जिथे तुमची जनावरे पाणी पितात आणि ढिवर बांधव जाळे टाकतात. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानबदक मारणे गुन्हा आहे.

एखादे पाखरू मेलेले सापडले आणि त्याच्या पायात कडी असेल तर फेकू नका. मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी अशा कड्या घालते. कडीवरचा आकडा उतरवून वनरक्षकाला कळवा. पाखरू कोठून आले ते त्यावरूनच समजते.

यंदा एवढे करा. पाळीवर, झाडाआड, उन्हाकडे पाठ करून मुलांना बसवा. रंगीत कपडे नकोत, बोलणे हळू. घरच्या कॅलेंडरवर रोज लिहा: आज बदके किती, आणि शेवटचा थवा कोणत्या दिवशी गेला. दिवाळीनंतर पहिला थवा उतरला की तीही तारीख लिहा. चार वर्षांत तुमच्या गावच्या तलावाची अशी वही तयार होईल, जी कोणत्याही कचेरीत मिळणार नाही.

पाहुणा निघताना आपण त्याला उपाशी धाडत नाही. यांना तर जेवणही द्यायचे नाही, नुसते निवांत निजू द्यायचे आहे.